येण्याचं कारण : कोल्हापूरच्या पर्यटनाचे आराखडे आखणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
अंबाबाई मंदिर परिसर आणि कोल्हापूर शहर यांच्या पर्यटनाचे आराखडे आखणारे, मंजूर करणारे आणि त्यांवर सह्या करणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

महाद्वार रोडवरून आत वळलं की एका बोळात माझं नऊ खोल्यांचं लॉज आहे. सासऱ्यांनी सुरू केलं तेव्हा पाटीवर ‘यात्री निवास’ होतं. मुलानं मोबाइलवर चढवताना त्याचं ‘हॉटेल’ केलं. बाकी जिना तोच, फरशी तीच. गल्ल्याशेजारी पाहुण्यांची वही असते. नाव, पत्ता, कुठून आले, येण्याचं कारण, पुढे कुठे जाणार, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. पोलीस तपासायला आले की ही वही पाहतात. आराखडे करणाऱ्यांपैकी कुणी ती आजवर मागितली नाही, म्हणून हे पत्र.

‘येण्याचं कारण’ या रकान्यात पानाच्या पहिल्या ओळीला मी ‘देवदर्शन’ लिहिते आणि खाली शेवटपर्यंत ॥ ॥ ॥ अशा खुणा करत जाते. ‘पुढे कुठे जाणार’ यात गोवा, गणपतीपुळे, नरसोबावाडी, पंढरपूर. आमचं खरं दुखणं आहे ते वेळेच्या दोन रकान्यांत. मुंबईहून महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी येते आणि रात्री परत निघते. एक झोप येताना गाडीत, दुसरी जाताना गाडीत. मधल्या दिवसात माणसाला खोली लागते ती आंघोळीपुरती. “ताई, दोनच तास द्या, आवरून दर्शनाला जायचंय,” हे मी दिवसातून किती वेळा ऐकते त्याला हिशेब नाही. पुण्याकडून मोटारीनं येणारा पहाटे निघतो, अकराला रांगेत लागतो, तीनला तांबडा-पांढरा ओरपतो (देवीला पुरण आणि भक्ताला मटण, आमच्यात चालतं), चपला घेतो आणि पाचच्या आत हायवेला लागलेला असतो. त्यातल्या त्यात मुक्कामाला पक्के म्हणजे हरिप्रिया एक्स्प्रेसनं तिरुपतीकडून येणारे. बालाजीचं दर्शन झालं की रुसून कोल्हापूरला आलेल्या लक्ष्मीला भेटायचंच, अशी त्यांची श्रद्धा. ते एक रात्र राहतात. दुसरी रात्र मागणारा पाहुणा आला तर मी त्याला चहा बिलात न धरता पाजते.

नवरात्रात रोज किती भाविकांनी दर्शन घेतलं याचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. त्यातल्या किती जणांनी शहरात रात्र काढली, हे कुठं छापून आलेलं मी पाहिलं नाही.

६ मे २०२५ रोजी चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत मंदिर परिसराच्या १,४४५ कोटींच्या आराखड्याला मान्यता मिळाली. पेढे आम्हीही वाटले. दर्शनाची रांग उन्हातून सुटेल, बायकांना सोयी मिळतील, गाड्या लावायला जागा होईल, यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? पण एक साधा हिशेब मांडते. भाविक लवकर आत जावा, लवकर बाहेर यावा, त्याची गाडी न अडकता निघावी, हा सगळ्या कामामागचा विचार आहे. समजा, चार तासांत होणारं दर्शन उद्या दीड तासात झालं. वाचलेले अडीच तास तो कुठं घालवणार? बाहेर आल्यावर पुढ्यात काही नसेल तर तो अडीच तास आधी घरी जाईल. म्हणजे एवढा खर्च करून आपण पाहुण्याला लवकर वाटेला लावायची सोय केली असं होईल.

यावर बैठकांमध्ये एक ठरलेलं उत्तर मिळतं : मोठी हॉटेलं येऊ द्यात. आमच्या शहराच्या वेशीचं नावच ‘तावडे हॉटेल’ आहे. रिक्षावाला “तावडे हॉटेलला सोडू?” म्हणाला की परगावच्या माणसाला वाटतं, हा आपल्याला जेवायला नेतोय. हॉटेलचं नाव वेशीला देणाऱ्या गावाला हॉटेलांचं वावडं कसं असेल? तरीही सांगते, नुसत्या खोल्या वाढवून मुक्काम वाढत नाही.

हायवेलगतच्या मोठ्या हॉटेलांविषयी मला असूया आहे, हे आधीच कबूल करते. त्यांच्याकडे लिफ्ट आहे. पण तिथला पाहुणा काय करतो ते बघा. मोटारीनं येतो, तिथंच जेवतो, तिथंच झोपतो, सकाळी मोटारीनं मंदिराजवळ येऊन पार्किंगसाठी तीन चकरा मारतो, दर्शन घेतो आणि सरळ महामार्गाला लागतो. शहरात त्याचे पाय लागतात ते पार्किंगपासून देवळापर्यंत. बोळातल्या लॉजवर उतरलेला माणूस मात्र दिवसातून चार वेळा खाली उतरतो. कोपऱ्यावर चहा घेतो, मिसळ विचारत जातो, चप्पल लाइनीत दोन दुकानं फिरतो, बायको गुजरीत, सोनारांच्या बाजारात, ‘नुसता साज बघून येते’ म्हणून जाते आणि नुसती येत नाही. त्याचे पैसे वीस हातांत जातात.

आणि मोठी इमारत म्हणजे मुक्काम, असं असतं तर रंकाळ्याच्या काठचा शालिनी पॅलेस आज गजबजलेला असता. १९३०च्या दशकात बांधलेला राजवाडा, पुढं त्याचं तारांकित हॉटेल झालं. दारात तळं, पश्चिमेला मावळता सूर्य. एवढ्या तोलामोलाची वास्तू असूनही हॉटेल टिकलं नाही. रंकाळ्यावर फिरायला येणारी माणसं फाटकातून आत बघतात, फोटो काढतात आणि भेळ खायला जातात.

दुसरं उदाहरण सभांमध्ये हमखास ऐकते ते काशीचं. तिथं २०२१ साली विश्वनाथाचं देऊळ थेट गंगेच्या घाटापर्यंत मोकळं झालं आणि त्यासाठी आजूबाजूच्या शेकडो मिळकती घेतल्या गेल्या. आमच्या देवळापुढं मोकळी करायला गंगा नाही. आहे ते महाद्वार रोड, ताराबाई रोड, जोतिबा रोड, ओटी-बांगड्यांची दुकानं, तांब्या-पितळेची दुकानं, वर राहणारी माणसं. ते काढल्यावर उरेल ते मोठं पटांगण, आणि भर उन्हात पटांगणात कुणी रेंगाळत नाही. शिकलेली मंडळी बिल्बाओचं नाव घेतात. स्पेनमधलं आपल्याहून लहान शहर, १९९७ साली गुगेनहाइम संग्रहालय उभं राहिलं आणि जगभरचे लोक येऊ लागले. खरं आहे. पण त्या शहरानं मेट्रो त्याच्या दोन वर्षं आधी सुरू केली होती आणि कारखान्यांनी नासवलेली नदी साफ करायचं काम तर कितीतरी आधीपासून चालू होतं. आमच्या पंचगंगेवर पाहुण्यांना न्यायचं की नाही, हे मी त्या दिवशी पाण्याला वास कसला येतोय त्यावर ठरवते.

परक्या माणसाला गावात कसं ठेवून घ्यावं, हे कोल्हापूरला बाहेरून शिकायची गरजच नाही. १९०१ सालापासून शाहू महाराजांनी इथं जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहं काढायला सुरुवात केली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्यांचं. खेड्यातलं पोरगं शहरात आलं तर झोपणार कुठं, जेवणार काय, हा प्रश्न त्या माणसानं शाळेच्या आधी सोडवला. लॉजवालीच्या नजरेनं बघितलं तर ते महाराष्ट्रातलं मुक्कामाचं सगळ्यात मोठं काम होतं.

त्यापुढची गोष्ट तर थेट हॉटेलाची. महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांनी सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याला हात लावला म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, वर गंगारामांना भांडवल देऊन भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला लावलं. नाव ‘सत्यसुधारक’. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? महाराज स्वतः गाडी थांबवून पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावत. देशात इतक्या ठिकाणी इतकी हॉटेलं निघाली असतील, अशा कारणानं निघालेलं दुसरं मला माहीत नाही. भाऊसिंगजी रोडवर पाहुण्याला उभं करून ही गोष्ट रंगवून सांगणारा एक माणूस नेमा. त्याचा पगार काढायला शंभर पाहुणे पुरतील.

तोच रस्ता पुढं चालत जा. भवानी मंडपातून निघून सीपीआर या सरकारी रुग्णालयापर्यंत फार तर वीस मिनिटं. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली काशाची लहानशी मूर्ती आहे, पोसायडनची. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन व्यापाराच्या वाटेनं पंचगंगेच्या काठी आलेला. सगळ्यात जवळचा समुद्र घाट उतरून कोकणात, आणि हा देव इथं. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही परदेशी माल, आणि बहुधा परदेशी माणसंही, या गावात थांबत होती. माझ्या पाहुण्यांना मी ही मूर्ती बघून या म्हणते तेव्हा दहातले आठ विचारतात, “कुठाय?” देवळातून बाहेर पडल्यावर चपला कुठं मिळतात हे दाखवणारे बोर्ड पावलापावलावर आहेत.

आता संध्याकाळ. मुक्काम ठरतो तो संध्याकाळी. सहा वाजता ज्याला पुढं बघायला काही आहे तो थांबतो, नाही तो गाडी काढतो. म्हैसूरचं बघा. तिथल्या राजवाड्यावर दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास जवळपास एक लाख दिवे लागतात. पाऊण तासाचा कार्यक्रम. पण सातपर्यंत थांबलेला माणूस आठला जेवायला बसतो आणि दहाला गाडी काढण्यापेक्षा खोली शोधतो. तिथल्या लॉजवाल्यांना ते दिवे केवढ्याला पडले असतील? फुकट.

आमच्याकडं दिवे लावायच्याही आधी माणसं जमा करणारी जागा होती. शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोमचं कलोसियम पाहिलं आणि ते डोक्यात घेऊन परतले, असं इथं सांगतात. १९१२ साली खासबाग कुस्ती मैदान झालं. १९१५ साली त्याला लागूनच पॅलेस थिएटर, ज्याला आपण केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो. कुस्ती आणि संगीत नाटक, भिंतीला भिंत लावून, देवळापासून पाच-दहा मिनिटांच्या चालीवर. गावाच्या मध्यभागाचा विकास असं ज्याला तुमच्या सादरीकरणात म्हणतात ते हेच की! ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते नाट्यगृह जळालं. त्या रात्री आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं रस्त्यावर येऊन रडली, त्यातल्या अर्ध्यांनी गेल्या दहा वर्षांत एकही नाटक बघितलं नव्हतं. ते पुन्हा बांधताना एकच मागणी : महिन्यातले ठरावीक दिवस तिथं पाहुण्यांना तिकीट काढून बसता येईल असं काहीतरी व्हावं. शाहिरी, मर्दानी खेळ, संगीत नाटकातला एखादा अंक. दीड तास. आणि त्याचं वेळापत्रक सहा महिने आधी छापा. ‘आयत्या वेळी कळवू’ यावर कुणी रेल्वेचं तिकीट काढत नाही.

इंदूरचा सराफा मी पाहून आले. होळकरांचं गाव, तिथं मराठी घरंही अजून बरीच. दिवसभर सोन्या-चांदीचा बाजार, रात्री दुकानांची शटर खाली आली की त्याच ओट्यांवर खाण्याच्या गाड्या लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. आमची गुजरी तशीच, सोनारांची, देवळाला लागून, रात्री सामसूम. मग तिथंही तसंच करू या? मी आधी हो म्हणणार होते. पण गुजरीच्या वर माणसं राहतात, त्यांची पोरं दहावीला आहेत, आणि इंदूरची नक्कल इंदूरलाच शोभते. शनिवार-रविवार रात्री अकरापर्यंत गाड्या बंद ठेवून रस्ता पायी चालणाऱ्यांना दिला, तरी मला पुरे आहे. आपलं स्वतःचं काय आहे? गंगावेशीतला दूधकट्टा. दारात म्हैस, समोर धार, फेसाचा ग्लास हातात. मुंबईची पोरं ते दूध पिताना घाबरतात आणि आयुष्यभर सांगत राहतात. सकाळी तालमीत मातीवर जोर मारणारे पैलवान. हंगामात शाहू स्टेडियमवर पेठांचे फुटबॉल सामने, ज्यात घरच्या घरात भांडणं होतात. यातलं काहीही उभारायला पैसा लागत नाही. सामना कुठल्या दिवशी आहे एवढं पाहुण्याला आदल्या आठवड्यात कळलं पाहिजे.

आता ज्यासाठी खरं हे पत्र लिहायला घेतलं ते लिहिते. त्यात माझा स्वार्थ आहे आणि माझं नुकसानही.

अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर, या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येत थेट गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीवर, तिसऱ्या दिवशी मुखावर. हवा स्वच्छ हवी, ढग नकोत. आणि वाट मोकळी हवी. ही वाट देवळाच्या आवारात संपत नाही. ती महाद्वाराबाहेरच्या घरांच्या आणि दुकानांच्या माथ्यांवरून येते. एखादा वाढवलेला मजला, पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, जाहिरातीचा फलक, एवढंही किरण अडवायला पुरतं. मापं घेतली गेली, अडथळ्यांच्या याद्या झाल्या, काही अडथळे उतरवलेही गेले. आमच्या गच्चीवरची टाकी आम्ही स्वतः मागच्या बाजूला हलवली, त्या वेळी प्लंबरनं घेतलेले पैसे अजून आठवतात.

माझ्या मुलाला लॉजवर दोन मजले चढवायचे आहेत. त्याचं चूक नाही. मंदिराचा आराखडा आला म्हणजे भाविक वाढणार, खोल्या कमी पडणार, आज बांधलं नाही तर उद्या शेजारचा बांधेल. त्यानं कर्जाची चौकशी केली आहे, नकाशाही काढून आणला आहे. मी नको म्हणते. तो विचारतो, “आई, नियमात बसत असेल तर का नको?” माझ्याकडं उत्तर नाही. ‘देवीचं ऊन अडेल’ हे मी त्याला सांगू शकते. बँकेला, आर्किटेक्टला आणि शेजाऱ्याला सांगून उपयोग नाही. माझ्यासारखे इथं पन्नास जण असतील. प्रत्येकाला वाटतं, माझ्या एका मजल्यानं काय होतंय?

म्हणून माझी मागणी सोपी आहे. किरणांची वाट नकाशावर आखा. तिच्याखाली येणाऱ्या प्रत्येक मिळकतीला जास्तीत जास्त उंची किती हे फुटात लिहून द्या आणि ते सगळ्यांना, अगदी सगळ्यांना, लागू करा. भक्तनिवासाच्या सरकारी इमारतीलासुद्धा. ज्यांची उंची तुम्ही काढून घ्याल त्यांना तो हक्क टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणून दुसरीकडे वापरायला किंवा विकायला द्या. नियमावलीत वारसा वास्तूंसाठी तशी सोय आहेच, ती इथवर ताणता येते का बघा. उपकार म्हणून नको. मी वर न बांधल्यामुळे गावाला जे मिळणार आहे त्याची किंमत म्हणून हवी. हा किरणोत्सव म्हणजे वर्षातल्या सहा संध्याकाळी. त्या सहा दिवसांत आमच्याकडं तीन-तीन रात्री राहणारे पाहुणे येतात, कारण पहिल्या दिवशी पाय बघून गेलेला माणूस मुख बघितल्याशिवाय जात नाही. दुसऱ्या कुठल्या शहराला निसर्गानं तीन रात्रींचं बुकिंग असं करून दिलंय, मला सांगा. ते ऊन अडवणारा मजला म्हणजे मुलाच्या भाषेत ‘लॉस मेकिंग’.

आता थोडं आमच्याविषयी, नाहीतर म्हणाल ही बाई फक्त तुमच्याच चुका काढते. आम्ही लॉजवाले काही साधुसंत नाही. नवरात्रात आठशेची खोली अडीच हजाराला जाते आणि उशीचा अभ्रा तोच असतो. पार्किंगमध्ये पाहुण्याला गाठून कमिशनवर आणणारी पोरं आम्हीच पोसली. आमच्या जुन्या इमारतींचे लाकडी जिने अरुंद आहेत, आग लागली तर काय, हा प्रश्न विचारला की आम्ही विषय बदलतो. मीसुद्धा बदलला आहे. नंतर जिना रुंद करायचा म्हणून परवानगीसाठी एका कार्यालयात गेले, तेव्हा ‘जुन्या इमारतीत असा बदल बसत नाही’ असं ऐकलं. दुसऱ्या टेबलावर ‘बदल केल्याशिवाय दाखला मिळणार नाही’ असं ऐकलं. दोन्ही टेबलं एकाच खोलीत होती. पेठेतल्या जुन्या घरांचे दोन-चार खोल्यांचे मुक्काम झाले पाहिजेत असं तुम्हाला वाटत असेल, तर अशा घरांसाठी जिना, आग, पाणी, सांडपाणी यांचे वेगळे आणि पाळता येतील असे नियम करा, मग आमच्यावर हवी तेवढी सक्ती करा. पर्यटन विभागाची न्याहारी-निवास योजना आहे, बायकांसाठी ‘आई’ धोरणात पंधरा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजाचा परतावा आहे. माझ्या गल्लीतल्या किती जणींना ते माहीत आहे, हे विचारायला एक कर्मचारी एक दुपार पाठवा. चहा मी देते.

एक गोष्ट तुमच्या हातून अनायासे चांगली झाली आहे, तिचा फायदा घ्या. १८ ऑगस्ट २०२५पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झालं, सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, म्हणजे पुन्हा त्याच भाऊसिंगजी रोडवर. कोल्हापूरबरोबर सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचीही प्रकरणं आता इथंच चालतात. आमचा धंदा शनिवार-रविवारचा. सोमवार ते गुरुवार किल्ल्या खुंटीला लटकलेल्या असतात. आता मंगळवारी सावंतवाडीचा शेतकरी फाइल कवटाळून येतो आणि विचारतो, स्वस्तातली खोली आहे का. वहीत प्रथमच ‘येण्याचं कारण’ या रकान्यात ‘कोर्ट’ लिहिलं जातंय. हा माणूस पंचतारांकित हॉटेलात जाणार नाही. त्याला कोर्टापासून चालत जाता येईल अशी स्वच्छ खाट हवी, रात्री खानावळीत भाकरी हवी. निकाल लागेपर्यंत तो पुन्हा पुन्हा येणार आहे, पुढच्या खेपेला बायकोला दर्शनाला घेऊन येणार आहे. पन्हाळा २०२५च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. वीसेक किलोमीटरवर आहे. भवानी मंडपातून सकाळी निघणारी आणि अंधार पडायच्या आत परत आणणारी साधी बस सोडलीत तर कोर्टवालाही तारखांच्या मधल्या दिवशी जाऊन येईल आणि रात्री झोपायला माझ्याकडं येईल.

राहिलेल्या गोष्टी बारीक आहेत, पण पाहुणे तक्रारी याच करतात. दसरा चौकात किंवा बिंदू चौकात गाडी लावून चालत येणाऱ्या बाईला वाटेत स्वच्छतागृह हवं. बॅग ठेवायला जागा हवी, म्हणजे दोन तासांची खोली मागायला लोक माझ्याकडं येणार नाहीत. माझं तेवढं नुकसान सोसेन. चप्पल लाइनीत विकत घेणाऱ्याला सुभाषनगरात चप्पल शिवताना बघायला नेणारं कुणीतरी हवं. २०२५च्या जूनमध्ये इटलीच्या मोठ्या ब्रँडनं मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारखी चप्पल मिरवली तेव्हा अख्खा महाराष्ट्र चिडला होता. ज्या घरात ती बनते त्या घराचा पत्ता मात्र पर्यटकाला अजून कुणी सांगत नाही. आणि हायवेच्या बाजूला जी काही मोठी हॉटेलं मंजूर कराल त्यांना २०१९चा ऑगस्ट आठवून परवानगी द्या. तेव्हा महामार्ग आठवडाभर पाण्याखाली होता. आमच्या नऊ खोल्यांत त्या दिवसांत एकतीस माणसं झोपली होती, बेंगळुरूला निघालेली दोन कुटुंबं त्यात होती. त्यांनी वहीत कारणाच्या रकान्यात स्वतःच्या हातानं इंग्रजीत ‘फ्लड’ लिहिलं आहे.

तर आमंत्रण देते. पुढच्या किरणोत्सवाला तुमच्यापैकी कुणीही या. गाडी दसरा चौकात लावा आणि चालत या, सरकारी गाडी बोळात शिरत नाही. संध्याकाळी गच्चीवर घेऊन जाते, किरणांची वाट कुठून कुठं जाते आणि मुलाचे दोन मजले कुठवर येतात ते बोटानं दाखवते. रात्री दूधकट्टा. खोली क्रमांक चार ठेवते, तिला खिडकी आहे. भाडं नेहमीचं, ओळखपत्राची झेरॉक्स आणा. वहीत नाव-पत्ता मी लिहीन. ‘येण्याचं कारण’ हा रकाना मात्र तुम्ही तुमच्या हातानं भरायचा.

आपली,
महाद्वार रोडवरची एक लॉजवाली